औषधाचें द्रव्य

आयुर्वेदाच्या ग्रंथांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. या चारांपैकीं एकहि लंगडा असला म्हणजे चिकित्सा उभी राहत नाहीं. येथें द्रव्य या शब्दाचा अर्थ औषध असा आहे. मराठींत मात्र द्रव्य म्हटलें कीं पैसा डोळ्यांपुढें येतो. विद्यार्थ्यांस हा शब्द शिकवितांना मी दोन अर्थ फळ्यावर दोन निराळ्या ओळींत लिहून देत असें. ते दोन अर्थ एकाच ओळींत कसे येऊन बसतात, हें मला गेल्या कांहीं वर्षांत कळलें. चरकानें रोग्याचे चार गुण सांगितले आहेत: स्मृति, वैद्याची आज्ञा पाळणें, निर्भयता आणि ज्ञापकत्व, म्हणजे आपली पीडा नीट सांगतां येणें. त्यांत धनाचा उल्लेख नाहीं. त्याच्या मागून झालेल्या वाग्भटानें मात्र रोग्याच्या गुणांत ‘आढ्य’, म्हणजे धनवान्, हा शब्द अगदीं आरंभीं घातला आहे. वाग्भट अधिक व्यवहारज्ञ होता असें म्हणावें लागतें. परंतु ज्याच्यापाशीं आढ्यत्व नाहीं, त्याला चरकाच्या चौथ्या गुणाचा आश्रय करून पुष्कळ कांहीं साधतां येतें, हें वाचकांपुढें मांडावें एवढ्यासाठीं हा लेख आहे.

माझा धाकटा बंधु लातुरास असतो. सरकारी नोकरींतून निवृत्त झालेला, मोजकें बोलणारा, सुपारीचें खांडहि कधीं तोंडांत न घालणारा. २०२२ च्या हिवाळ्यांत त्याला खोकला जडला तो हटेना. तपासण्या झाल्या आणि फुप्फुसाचा कर्करोग ठरला. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. परंतु गांठीच्या तुकड्याची जी सूक्ष्म परीक्षा झाली, तींत असें आढळलें कीं, या विशिष्ट जातीच्या विकारावर नेमकी लागू पडणारी एक गोळी आहे. रोज एक गोळी, घरच्या घरीं. खाट नको, सलाईन नको. डॉक्टरांनीं हें सांगितलें तेव्हां सर्वांचा जीव भांड्यांत पडला. औषधाच्या दुकानांतून बिल हातीं आलें तेव्हां तो पुन्हा टांगणीस लागला. एका महिन्याच्या गोळ्यांची किंमत त्याच्या तीन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाइतकी होती.

त्याचा आरोग्याचा विमा होता. पांच लक्षांची पॉलिसी, आणि अकरा वर्षें एकहि हप्ता चुकविलेला नव्हता. त्यानें बिलें जोडून मागणी पाठविली. उत्तर चार ओळींचें आलें: रोगी रुग्णालयांत चोवीस तास दाखल नव्हता, हीं औषधें घरीं घ्यावयाचीं आहेत, सबब मागणी नामंजूर. त्यानें तें पत्र घडी घालून कपाटांत ठेवलें आणि कोणास कांहीं सांगितलें नाहीं.

चैत्रांत एके दिवशीं सकाळीं भावजयीचा किल्लारीस फोन आला. “भावोजी, तुम्ही एकदां येऊन जा. दहा गोळ्यांचें पाकीट वीस दिवस पुरतें आहे. मी विचारलें तर म्हणतात, तुझी मोजण्यांत चूक होते.”

मी मिळेल त्या एसटीनें लातूर गांठलें. बंधूनें प्रथम टाळाटाळ केली, मग वही काढून माझ्यापुढें ठेवली. तींत हिशेब होता. रोज गोळी घेतली तर शिल्लक दीड वर्षांत संपते. दिवसाआड घेतली तर तीन वर्षें पुरते. आणि मग घर तरी विकावें लागत नाहीं. गुणाकार बरोबर होता. चूक एवढीच होती कीं, औषध निम्में केलें म्हणजे रोगहि निम्म्या वेगानें चालेल, असें त्यानें गृहीत धरलें होतें. दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं त्याला चांगलेंच फैलावर घेतलें. रक्तांत औषधाचें प्रमाण सतत राहिलें तरच त्याचा उपयोग. मध्यें खंड पडला म्हणजे रोगाला डोकें वर काढावयास आणि त्या औषधास न जुमानण्यास अवसर मिळतो. पैशासाठीं गोळी कमी करणें म्हणजे घेतलेल्या गोळ्यांचाहि पैसा पाण्यांत घालणें होय. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असें चोरून चाललें असेल, तर तें आजच डॉक्टरांच्या कानांवर घालावें.

“मला कां कळविलें नाहींस?” असें मी विचारलें.

“दादा, कोणापुढें हात पसरावयाचा? आपल्या घरांत तें कधीं झालें नाहीं.”

“झालें आहे,” मी म्हणालों. “तूं तेव्हां लातुरास होतास. मी किल्लारीस होतों.”

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या गांवांत कोणी विसरलेला नाहीं. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी. गणपति विसर्जून लोक उशीरा निजले होते. चार वाजावयास कांहीं मिनिटें असतां जमीन हालली आणि दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवें मिळून सुमारें दहा हजार माणसें गेलीं. त्यानंतरच्या दिवसांत देशांतून आणि परदेशांतून जें साहाय्य आलें, तें घेण्यासाठीं आम्ही सर्व एकाच रांगेंत उभे होतों: शेतकरी, मजूर, सावकार, पुजारी आणि मास्तर. मीहि घोंगडी घेतली, पत्र्याची खोली घेतली. पहिल्या दिवशीं मान वर करवेना. नंतर ध्यानांत आलें कीं, ही भीक नव्हे. समाजानें आपल्या सभासदांसाठीं जें राखून ठेवलेलें असतें, त्यांतला हा आपला वांटा आहे. मात्र तो घेण्यासाठीं यादींत नांव लागतें, आणि नांव लावण्यासाठीं आपण जाऊन सांगावें लागतें. विम्याच्या बाबतींत तर हा संकोच अगदींच अनाठायीं. तेथें आपण अकरा वर्षें पैसे भरले होते.

आतां मुद्द्याकडे वळूं. विमा कंपनी नाहीं कां म्हणते, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. आपल्याकडील मेडिक्लेम पॉलिसी १९८६ सालीं सरकारी कंपन्यांनीं काढली. त्या काळीं मोठा आजार म्हणजे रुग्णालयांतील खाट, हें समीकरण होतें. म्हणून पॉलिसीची सारी रचना खाटेभोवतीं झाली: चोवीस तास दाखल असलें पाहिजे, दाखल होण्यापूर्वीचे कांहीं दिवस आणि घरीं सोडल्यानंतरचे बहुधा साठ दिवस, एवढ्यांतील औषधें मिळतील, त्यापुढील आपलीं आपण पाहावीं. पुढें वैद्यक बदललें. ज्यासाठीं पूर्वीं शिरेंतून औषध देत, त्यासाठीं गोळी निघाली. उपचार खाटेवरून घरच्या फळीवर आला, पण पॉलिसीचें कलम खाटेपाशींच बसून राहिलें.

हा दोष विमा नियामक प्राधिकरणाच्या लक्षांत आला होता. प्राधिकरणानें २०१९ च्या सप्टेंबरांत आदेश काढून बारा आधुनिक उपचारपद्धति पॉलिसींतून वगळतां येणार नाहींत असें ठरविलें. त्यांत तोंडानें घ्यावयाची केमोथेरपी आहे, इंजेक्शनानें देण्याची प्रतिकारशक्तीवरील औषधें आहेत, आणि डोळ्यांत द्यावयाचीं इंजेक्शनेंहि आहेत. हा नियम २०२० च्या ऑक्टोबरापासून नव्या पॉलिसींस आणि २०२१ च्या एप्रिलापासून नूतनीकरण होणाऱ्या जुन्या पॉलिसींस लागू झाला. कंपनीला या उपचारांवर मर्यादा घालतां येते. उदाहरणार्थ, ‘आरोग्य संजीवनी’ या सर्व कंपन्यांच्या सामाईक पॉलिसींत ती विम्याच्या रकमेच्या निम्मी आहे. परंतु मर्यादा घालणें निराळें आणि दार लावून घेणें निराळें. बंधूच्या पॉलिसीचें चोपडें मी चष्मा पुसून वाचूं लागलों तेव्हां बावीसाव्या पानावर हें कलम सांपडलें. अकरा वर्षांत तें चोपडें आम्हां दोघांपैकीं कोणीहि उघडलेलें नव्हतें, ही गोष्ट येथें कबूल केली पाहिजे.

यानंतर आम्हीं जें केलें तें क्रमानें सांगतों.

पहिली पायरी, नकार लेखी घेणें, आणि कोणत्या कलमान्वयें नकार दिला तें त्यांत लिहवून घेणें. दूरध्वनीवरील नकाराला कांहीं किंमत नाहीं. २०२४ च्या मे महिन्यांतील प्राधिकरणाच्या परिपत्रकानें तर कंपनीवर अशी जबाबदारी टाकली आहे कीं, दावा नाकारावयाचा असल्यास तो कंपनीच्या समितीनें पाहिला पाहिजे आणि नकाराचें कारण पॉलिसीच्या नेमक्या अटीसह कळविलें पाहिजे.

दुसरी पायरी, डॉक्टरांचें पत्र. येथें बहुतेकांची चूक होते. चिठ्ठीवर औषधाचें नांव असतें, पण तें औषध कां, हें नसतें. आमच्या डॉक्टरांनीं सही-शिक्क्यानिशीं लिहून दिलें कीं, ही गोळी टॉनिक किंवा जोडऔषध नव्हे. हाच या रोग्याच्या कर्करोगावरील मुख्य उपचार आहे. याऐवजीं दुसरा उपचार म्हणजे शिरेंतून द्यावयाची केमोथेरपी, आणि त्यासाठीं दर खेपेस दाखल व्हावें लागलें असतें. ज्ञापकत्व म्हणतात तें हेंच. गोळीला केमोथेरपी म्हणावें कीं नाहीं, यावर कंपन्या शब्दच्छल करतात. म्हणून हें पत्र फार मोलाचें ठरतें.

तिसरी पायरी, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज. तो स्पीड पोस्टानें पाठवावा, पोच जपावी, स्थळप्रत ठेवावी. प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ या संगणकीय व्यवस्थेंतहि तक्रार नोंदवितां येते. आमच्या अर्जाला उत्तर आलें नाहीं. महिना लोटला म्हणजे पुढचा मार्ग मोकळा होतो.

चौथी पायरी, विमा लोकपाल. ही संस्था आपल्या देशांत १९९८ पासून आहे. आज तिचें काम २०१७ च्या नियमांनीं चालतें. महाराष्ट्रांत मुंबई आणि पुणें येथें कार्यालयें आहेत. आमचा अर्ज पुण्यास गेला. येथें फी नाहीं आणि वकील चालत नाहीं. आपण स्वतः किंवा आपल्या वतीनें नातलगानें बोलावयाचें. कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एका वर्षाच्या आंत अर्ज केला पाहिजे. ५० लक्षांपर्यंतचे वाद येथें चालतात. २०२३ पूर्वीं ही मर्यादा ३० लक्षांची होती. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला तो मान्य नसेल, तर ग्राहक आयोगाचें दार उघडें राहतें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें आपण राहतों त्याच जिल्ह्यांत तक्रार करतां येते, आणि भरलेला मोबदला पांच लक्षांपर्यंत असल्यास शुल्क नाहीं.

सुनावणीच्या दिवशीं बंधूला धाप होती, मी बोललों. चाळीस वर्षें वर्गांत बोललेला मनुष्य, पण तेथें घसा कोरडा पडला. मीं तीनच गोष्टी सांगितल्या: हें कलम, हें डॉक्टरांचें पत्र, ही अकरा वर्षांच्या हप्त्यांची यादी. निवाडा आमच्या बाजूनें झाला. मात्र पॉलिसींत मर्यादा होती तितकेंच मिळालें, म्हणजे वर्षाला अडीच लक्ष. निम्म्याहून अधिक भार राहिलाच.

तो भार कसा उचलला, आणि ज्यांचा विमाच नाहीं त्यांनीं काय करावें, हा पुढील भाग आहे.

प्रथम औषधाच्या किंमतीविषयीं. डॉक्टरांस विचारावें कीं, याच औषधाचें दुसऱ्या कारखान्याचें, मूळ नांवानें विकलें जाणारें रूप चालेल काय. २००८ सालीं सुरू झालेल्या जनौषधि केंद्रांत अशीं औषधें बाजारभावाहून निम्म्या किंवा त्याहूनहि कमी किंमतींत मिळतात. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्या नित्याच्या औषधांत घरटीं मोठी बचत होते. कर्करोग व हृदयविकार यांच्या भारी औषधांसाठीं २०१५ पासून ‘अमृत’ नांवाचीं सरकारी दुकानें कांहीं मोठ्या रुग्णालयांत आहेत. २०१९ च्या फेब्रुवारींत कर्करोगावरील ४२ औषधांवर विक्रेत्यांचा नफा ३० टक्क्यांहून अधिक असूं नये असें बंधन घालण्यांत आलें. तेव्हां छापील किंमत ही ब्रह्मवाक्य मानूं नये. दोन-चार ठिकाणीं भाव विचारावा.

जें औषध अजून एकाच कंपनीच्या हातीं आहे, त्याचें काय? बंधूचें औषध या जातींतलें. अशा कंपन्या बहुधा रुग्ण-साहाय्याची योजना चालवितात: कांहीं महिन्यांचें औषध विकत घेतलें म्हणजे पुढील कांहीं महिन्यांचें विनामूल्य. तिची जाहिरात नसते. डॉक्टरांच्या शिफारशीवांचून ती मिळत नाहीं. म्हणून डॉक्टरांस स्पष्ट विचारलें पाहिजे: “या औषधास कंपनीची मदत आहे काय?” आम्हीं तीन महिने विचारलें नाहीं, म्हणून तीन महिने मिळाली नाहीं. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पांत दुर्मिळ आणि दुर्धर रोगांवरील ३६ औषधांचा आयातकर पूर्णतः माफ झाला, आणि रुग्णांस फुकट वांटण्यासाठीं येणाऱ्या आणखी कांहीं औषधांसहि ती सवलत मिळाली.

महाराष्ट्र शासनाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हा दुसरा आधार. ती २०१२ सालीं राजीव गांधी जीवनदायी या नांवानें आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ पासून सर्व राज्यांत आहे. आरंभीं तिचें संरक्षण दीड लक्षांचें होतें आणि तें पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांपुरतें होतें. २०२३ च्या निर्णयानें तें कुटुंबामागें वर्षाला पांच लक्ष झालें आणि राज्यांतील सर्व कुटुंबांस खुलें झालें. आपल्यासारख्या पांढरपेशा घरांत “तें आपल्यासाठीं नाहीं” हा समज अजून घट्ट आहे, तो सोडावा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या सप्टेंबरांतील निर्णयानें ७० वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्न कितीहि असो, पांच लक्षांचें संरक्षण देणारें कार्डहि मिळतें. मात्र ध्यानांत ठेवावें कीं, या योजना ठरलेल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांसाठीं आहेत. आधीं औषध विकत घेऊन मागून पैसे मागतां येत नाहींत. उपचारापूर्वींच त्या रुग्णालयांतील आरोग्यमित्रास भेटावें आणि हें औषध यादींत आहे काय तें पाहावें.

तिसरा आधार धर्मादाय रुग्णालयांचा. सार्वजनिक न्यासांनीं चालविलेल्या रुग्णालयांची आपल्या भागांत परंपरा आहे; लातूरचें विवेकानंद रुग्णालय १९६६ पासून काम करीत आहे. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचें ४१ अ अ हें कलम आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं मंजूर केलेली योजना यांनुसार, त्या कलमाखालीं येणाऱ्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनीं १० टक्के खाटा निर्धनांसाठीं विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें ठेवल्या पाहिजेत. शिवाय बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन-रुग्ण-निधींत टाकावयाची असते, आणि औषधांचा खर्च त्यांतून भागवावयाचा असतो. यासाठीं उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला लागतो. याखेरीज मुख्यमंत्री साहाय्यता निधि आहे. डॉक्टरांनीं प्रमाणित केलेलें खर्चाचें अंदाजपत्रक, शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला जोडून तेथें अर्ज करतां येतो.

आतां एका मोठ्या प्रश्नास हात घालून लेख आवरतों. औषध इतकें महाग मुळांत असावें कां? १९२३ सालीं इन्सुलिनच्या शोधकांनीं आपला हक्क टोरांटो विद्यापीठास प्रत्येकीं एका डॉलरला देऊन टाकला. तो काळ गेला. आपल्या देशानें १९७० च्या कायद्यानें औषधाच्या पदार्थावर एकाधिकार देणें बंद केलें होतें, आणि त्यामुळें स्वस्त औषधांचे कारखाने येथें वाढले. २००५ पासून असा एकाधिकार पुन्हा आला. परंतु कायद्यानें दोन खिडक्या उघड्या ठेवल्या. एकींतून २०१२ च्या मार्चांत मूत्रपिंड आणि यकृत यांच्या कर्करोगावरील एका गोळीसाठीं हैदराबादच्या नॅटको कंपनीस सक्तीचा परवाना मिळाला, आणि महिन्याचा खर्च सुमारें २,८०,००० रुपयांवरून ८,८८० रुपयांवर उतरला. दुसरींतून १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाच्या बाबतींत नोव्हार्टिस या परदेशी कंपनीची मागणी फेटाळली. जुन्या औषधास किंचित् नवें रूप दिलें, पण गुण वाढल्याचें सिद्ध केलें नाहीं, तर नवा एकाधिकार मिळणार नाहीं, असें तत्त्व ठरलें. त्या एका निकालावर किती घरांतील गोळ्यांचीं पाकिटें अवलंबून होतीं, हें ज्यांनीं अशीं पाकिटें मोजलीं आहेत त्यांसच कळेल.

बंधु आज रोज गोळी घेतो. विम्याचे अडीच लक्ष, कंपनीची योजना, आणि उरलेल्यासाठीं आम्हां भावंडांची वर्गणी, असा तिपायी आधार आहे. दिवसाआडच्या त्या नऊ आठवड्यांनीं कितीसें नुकसान केलें, तें डॉक्टर सांगत नाहींत आणि आम्हीहि विचारीत नाहीं. परवां मी गेलों तेव्हां नामंजुरीचें तें पत्र त्यानें कपाटांतून काढून मला दाखविलें. आतां तें एका फाईलींत अगदीं वर लावलें होतें. त्याच्याखालीं अर्ज, पोच, निवाडा, दाखले, सारें तारीखवार. आळींतील दोघे गृहस्थ ती फाईल पाहून आपले अर्ज लिहून घेऊन गेले, असें भावजयीनें सांगितलें. “हे स्वतः लिहून देतात,” ती म्हणाली, “आणि भावोजी, मसुदा चांगला चार वेळां तपासतात.”